घागरीच्या आतली अक्षरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोला सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीच गेली. मुलाला सांगायचं म्हणून दोनदा समोर बसवलं आणि दोन्ही वेळा भलतंच बोलून उठलो, एकदा गिझरबद्दल, एकदा त्याच्या वाढलेल्या साखरेबद्दल. मग वाटलं, लिहून काढावं. तर आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग मनासारखी वही मिळेना, मग हात कापायला लागला. आता सबब उरलेली नाही. हात कापतोय तसाच लिहितो. वाचणाऱ्याने अक्षराला हसू नये; एके काळी ह्याच अक्षरावर माझं घर चालायचं.

माझं काम भांड्यांवर नावं घालण्याचं. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात भांड्यांचं जुनं दुकान होतं. दुकान मालकाचं. मी फक्त त्याच्या पायरीशेजारच्या फळकुटावर बसायचो. गिऱ्हाईक भांडं घ्यायचं, काय घालायचं ते चिटोऱ्यावर लिहायचं आणि माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. तांब्या-पितळेला छिन्नी आणि हातोडी. स्टीलसाठी पुढे, नव्वदच्या सुमाराला, विजेवर चालणारं मशीन आलं. दिवसभर ते धरलं की रात्री जेवताना बोटं आपोआप थरथरायची आणि बायको म्हणायची, "भाकरीवर नाव घालताय काय?"

लग्नसराईत माझ्यापुढे रांग लागायची, आणि रांगेत भांडणं. एकदा दोन साडू एकाच पातेल्यावरून हमरीतुमरीवर आले.

"माझं नाव वर घाला. थोरला जावई मी हाय."

"थोरला आसशील. पातेलं पसंत कुणी केलं?"

"पसंत केलंस म्हंजे उपकार केलास व्हय?"

मी पातेलं फिरवलं आणि दोघांची नावं दोन अंगांना घातली, अशी की ज्याने त्याने आपल्याच बाजूने बघावं. दोघंही खूश होऊन गेले. आता कधी मनात येतं, आणखी शंभर-दीडशे वर्षांनी ते पातेलं कुणाच्या हाती लागलं तर तो माणूस काय समजेल? दोन साडवांनी गोडीगुलाबीने मिळून घेतलेलं भांडं, असंच समजेल. पातेलं काही सांगणार नाही. ते जेवढं मी लिहिलं तेवढंच बोलणार.

बायकांची नावं मी फार घातली. तेव्हा ते ध्यानात आलं नव्हतं, पण आमच्या पिढीच्या बायकांचं नाव असं लिहिलेलं कुठे सापडायचं? दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं, शेताच्या उताऱ्यावर सासऱ्याचं किंवा दिराचं. भांड्यावर मात्र तिचं. माहेरून आलेली घागर, परात, तांब्या, त्यावर तिचं नाव आणि खाली कुणाकडून ते. ती गेल्यावर सुना ती भांडी वापरायच्या आणि नातवंडं अक्षरं लावायला शिकताना तेच नाव वाचायची.

नव्वद साल यायच्या जरा आधीची गोष्ट. कोडोलीचा एक तरुण शेतकरी बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला. वडील नव्हते, सगळं त्यालाच करायचं होतं. तांब्याच्या घागरी त्याने बोटाच्या पेराने वाजवून बघितल्या, एकेकीला कान लावला आणि शेवटी एक उचलून माझ्यासमोर ठेवली.

"पावणं, तासाभरानं या," मी म्हटलं.

"न्हाय, हितंच बसतो. अक्षर चुकलं तर?"

"अजून चुकलं न्हाय."

"म्हंजे आता चुकायची पाळी आली की!" असं म्हणून तो हसत उकिडवा बसला.

त्याला तीन ओळी हव्या होत्या. बहिणीचं नाव, त्याखाली 'भावाकडून', त्याखाली 'कोडोली'. मी म्हटलं, घागरीच्या गळ्याखाली जागा कमी, गावाचं नाव कशाला? तो म्हणाला, "असू दे की. तिकडं पेठेतलं घर, धा घागरी असतील. आपली कंची हे तिला कळाय पायजे." मी तिन्ही ओळी घातल्या. छिन्नी खोल बसवली, कारण तो बघत होता. काम झाल्यावर त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. माझ्या कामाची इतकी साधी आणि इतकी चांगली दाद मला फारशी मिळालेली नाही.

ती मुलगी आमच्याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून एका व्यापारी घरात आली. धान्याचा व्यापार, घर शैव, कर्नाटकाच्या सीमेकडून आलेलं, त्यामुळे सासूला सगळी पेठ अव्वा म्हणायची. मी सुनेला लांबून दोन-तीनदाच बघितलं असेल. तिला मुलगी झाली आणि वर्ष भरायच्या आत ती स्वतः काविळीने गेली. मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा अव्वांच्या मुलाचं दुसरं लग्न ठरलं, आणि एके सकाळी अव्वा रिक्षातून भांडी घेऊन माझ्या फळकुटासमोर उतरल्या. घागर, दोन पराती, तांबे, पितळी डबे.

"नावं काढायची हायत."

"काढायची म्हंजे?"

"घासून टाकायची. नवी सून यायलीय. तिनं रोज पाणी भरताना मेलेल्या बाईचं नाव वाचायचं व्हय? हिचं नाव घाल आता," म्हणून त्यांनी चिटोरं पुढे केलं.

मी घागर ओळखली. तरी विचारलं, "आणि पोरीला?"

"पोरीला आई पायजे. ती मिळाली. दोन-दोन कशाला?"

अव्वांच्या मनात तेव्हा पाप नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. नव्या सुनेला घर आपलं वाटावं, पोरीला कुणी सावत्र म्हणू नये, एवढाच हिशेब असावा. मलाही ते पटलं. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो, की मला त्या कामाची मजा आली. घातलेलं नाव काढणं हे घालण्याहून अवघड. आधी कानस, मग बारीक पॉलिश कागद, मग चिंच आणि राख. अक्षरांच्या कडेचं तांबं थोडं थोडं उतरवत न्यायचं, म्हणजे खड्डा दिसत नाही. चार दिवस लागले. मालकाने घागर उजेडात धरून फिरवली आणि म्हणाला, "आयला, हितं काय होतं म्हणून कुणाला सांगितलं तर खोटं वाटंल की रं!" मी दिवसभर तेच आठवून खूश होतो.

एक गोष्ट मात्र राहिली. तांब्याचा पत्रा पातळ असतो. छिन्नी खोल बसली की अक्षर आतल्या बाजूला फुगून उमटतं, उलटं. बाहेरून कितीही घासा, आत ते तसंच राहतं. नव्या सुनेचं नाव मी दुसऱ्या अंगाला हलक्या छिन्नीने घातलं होतं, ते आत उमटलं नाही; जुनं मात्र गळ्यातून हात घातला तर बोटाला लागायचं. मी अव्वांना तसं सांगितलं.

"घागरीत हात कोण घालतंय?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघत, "हे हितंच मिटलं. बाहीर बोलायचं न्हाय. शपथ घे."

मी शपथ घेतली. कुणाची ते आता आठवत नाही.

वर्षं गेली. मुलगी माझ्यासमोरून शाळेत जायला लागली. नवी सून वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. पोरीच्या दोन घट्ट वेण्या आणि त्यातल्या पांढऱ्या रिबिनी रोज सकाळी बघितल्या की कळायचं, कुणीतरी हिच्यासाठी वेळ काढतंय. पुढे अव्वा वारल्या. कोडोलीचा भाऊ सुरुवातीला दोन-चारदा भाचीला बघायला आला होता म्हणतात. त्याला दारातूनच परत लावलं, मग तो यायचा थांबला. मुलीला पहिल्या आईचं माहीत होतं, पेठेत अशा गोष्टी लपत नाहीत. पण अव्वांनी तिला मरेपर्यंत एकच सांगितलं होतं: तुझ्या आईला तिच्या माहेरानं रिकाम्या हातानं पाठवलं, गेल्यावर तिकडचं कुत्रं फिरकलं न्हाय.

दोन हजार सालानंतर दहा-अकरा वर्षांनी तिचं लग्न ठरलं. स्थळ जयसिंगपूरचं. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना एका दुपारी तिची स्कूटी माझ्यासमोर थांबली. पायाशी टॉवेलात गुंडाळलेली घागर. मी टॉवेल निघायच्या आधीच ओळखली.

"काका, एक विचारायला आलतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, आलतो, गेलतो. "ह्याच्यावर आधी दुसरं नाव होतं काय?"

मी चष्मा काढून पुसला.

"कॉलेजच्या गेटवर एक माणूस आलता. कोडोलीचा. म्हणतोय, मी तुझा सख्खा मामा. तुझ्या आईला भांड्यांचा संसार दिला, घागरीवर तिचं नाव घातलं, तुमच्याच इथं. मला लग्नात मामा म्हणून उभं राहू दे, म्हणाला. रडला ओ तो." तिने टॉवेल सोडून घागर फळकुटावर ठेवली. "घरात विचारलं तर पप्पा गप्प बसतात. आणि अव्वा तर म्हणायची, काहीच दिलं न्हाय. आता कुणाचं खरं मानू? मग म्हटलं, नाव असलं तर माणूस खरा. तोच माझ्या मागं उभा राहील, मग घरात कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. नसलं, तर विषय संपला."

आमच्याकडे लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो. आईचं सगळं माहेर त्या एका माणसाच्या रूपाने तिथे असतं. म्हणजे ती काय विचारत होती ते मला पुरतं कळलं होतं. न कळता चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. अव्वाही नव्हत्या, शपथ मोडली म्हणून जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

तरी माझ्या तोंडून निघालं, "न्हाय बाळ. पहिल्यापास्नं हेच नाव हाय."

का, ते मी नंतर हजारदा स्वतःला विचारलं. पंधरा दिवसांवर लग्न, घरात वादळ नको, असं कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत होतो. ते खोटं आहे. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसून ऐकत होता, आणि त्यांच्यासमोर मला 'व्हय, मी पैसे घेऊन एका मेलेल्या बाईचं नाव पुसलं' असं म्हणायचं नव्हतं. एवढंच. माणूस किती लहान कारणासाठी खोटं बोलतो!

तिने मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने घागरीत हात घातला. बारीक हात, सहज आत गेला. ती आतून गळ्याखाली चाचपत होती.

"काका, इथं काहीतरी खरखरीत लागतंय."

"मळ असंल. पाण्याचा क्षार बसतोय."

"ओळीनं बसतोय काय क्षार?"

अजून वेळ होता. इथे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "आण हिकडं, काढून देतो." आणि वाकड्या दांड्याची एक कानस होती माझ्याकडे, भांड्याच्या आतून काम करायची, ती घेतली. "जरा तिरकी, घट्ट धर."

तिने दोन्ही हातांनी घागर धरली. मी तिच्यासमोर, तिच्याच हातात, तिच्या आईचं नाव आतून घासून काढलं. मी घातलेलं अक्षर होतं, कुठे कोणती रेघ आहे ते बोटांना पाठ होतं. वरची ओळ, मधली, खालची. खालच्या कागदावर तांब्याचा भुगा पडला.

"मळ चमकतोय की," ती म्हणाली.

"तांब्याचा मळ तसाच असतोय."

तिने पुन्हा हात घालून बघितला. गुळगुळीत. "थँक्यू काका," म्हणाली, आणि बराच वेळ स्कूटीला किल्ली न लावता बसून राहिली. मग गेली. मी भुग्याचा कागद चुरगाळून गटारात टाकला.

लग्नाला मला बोलावणं होतं. रुखवताच्या सगळ्या भांड्यांवर नावं मीच घातली होती. कार्यालयात अक्षता वाटल्या जात होत्या तेव्हा मला तो दिसला. शेवटच्या रांगेत, चपला काढतात त्या बाजूला, नवा फेटा बांधून, मांडीवर कापडाने झाकलेलं ताट घेऊन बसला होता. केस पांढरे झाले होते. ताटाच्या कापडातून हिरव्या साडीचा काठ बाहेर आला होता. पुढे, अंतरपाटाजवळ, नवरीच्या मागे सावत्र आईचा भाऊ उभा होता.

अक्षता पडल्यावर गर्दी जेवणाकडे वळली आणि तो माझ्याकडे आला.

"वळखलं काय? कोडोलीचा. घागर घेतलती तुमच्याकडं. हितंच बसतो म्हटलं तर तुम्ही म्हणाला होता, अजून चुकलं न्हाय."

मी हातात उरलेल्या अक्षता खिशात टाकल्या.

"पोरगी म्हणती, नावच नव्हतं. दुकानात विचारून आली म्हणती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तोच तर त्रास होता. "तुम्हीच घातलं होतं की. मला काय मानपान नको आता, लगीन लागलं. पर तुम्हास्नी तरी म्हाईत हाय न्हवं? मी खोटं न्हाय बोललो."

त्याला फक्त एक 'व्हय' हवा होता. तोही कुणाला ऐकू न जाता. मी म्हणालो, "लई नावं घातली ओ पावणं. आता आठवत न्हाय."

त्याने साडीचा काठ ताटाच्या कापडाखाली सारला. मग म्हणाला, "व्हय. लई नावं असतील." ताट त्याने आहेराच्या टेबलावर ठेवलं, नाव न लिहिता, आणि जेवण न करता निघून गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी काम सोडलं. डोळे दमले होते, आणि तसंही लोक भांड्यांवर नावं घालेनासे झाले होते. पाकिटात पैसे देतात, नाव पाकिटाबरोबर फाटून जातं. रिकामपण होतं म्हणून मी टाउन हॉलमधल्या म्युझियममध्ये जाऊन बसायचो. तिथे नदीकाठच्या टेकडीत सापडलेली जुनी भांडी काचेत ठेवली आहेत. एकदा कॉलेजची मुलं आली होती आणि त्यांचे सर समजावून देत होते. काजळी कुठे आहे त्यावरून हे चुलीवरचं, हे पाण्याचं, असं छान सांगत होते. एका मुलीने विचारलं, "सर, ह्याच्यावर कुणाचं नाव वगैरे न्हाय?"

"नाही ना. म्हणजे साध्या घरातलं असणार. नाव कोरून ठेवण्याइतकं मोलाचं नसेल कुणाला."

"नायतर कुणीतरी घासलं असंल," मी बाकावरून म्हटलं.

सर वळले. "काय म्हणालात आजोबा?"

"काय न्हाय. चालू द्या."

मुलं हसली. मी घरी आलो, पण ते डोक्यातून जाईना. पुढची माणसं आपल्याला अशीच वाचणार. दिसेल ते खरं मानणार, आणि दिसत नाही ते नव्हतंच असं धरून चालणार. त्यांचा दोष नाही. त्यांच्याजवळ दुसरं काय आहे? त्या घागरीला हात लावणारी पोरगी, तिची मुलगी, तिची नात, सगळ्या एकच नाव वाचणार. एका अंगाला तांबं जरा पातळ आहे हे एखादीच्या ध्यानात आलंच तर ती म्हणेल, वापरून झिजली असेल. एक बाई होती, तिच्यावर जीव असलेला एक भाऊ होता, तो घागरीपुढे उकिडवा बसला होता, ह्यातलं काही उरणार नाही. पाण्याने, आगीने, चोराने नेलं असतं तर वेगळं. ते मी नेलं, आणि फार सफाईने नेलं.

त्याच सुमाराला कोडोलीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून कळलं की तो भाऊ वारला. उसाला पाणी पाजताना खाली बसला तो उठलाच नाही. मी जेवत होतो, ताट सरकवलं. बायको म्हणाली, "कोण आपलं?" मी म्हटलं, ओळखीचा होता.

त्याला सांगायचं राहिलंच. आता एकटी तीच उरली. मी एसटीने जयसिंगपूरला गेलो. गाडीत सगळी वाक्यं तयार केली. तिचं घर बाजारपेठेच्या मागे, पत्ता लग्नाच्या पत्रिकेवर होता. तिने दार उघडलं आणि इतकी खूश झाली की मला उंबऱ्यातच परत फिरावंसं वाटलं. कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी.

"अगं बघ कोण आलंय! आजोबा! हे ना, भांड्यावर नाव घालतात." मग मला, "काका, हिच्या वाटीवर घालाल काय?"

"आता हात चालत न्हाय बाळ."

चहा झाला. सासूबाईंनी चकली आणून ठेवली. घागर स्वयंपाकघराच्या दारात होती, चिंचेने घासून लख्ख. मी तिच्याकडे बघतोय हे बघून ती म्हणाली, "आईनं दिली मला. म्हणाली, तुझ्यापाशीच असू दे." सावत्र हा शब्द तिच्या बोलण्यात नव्हता. आवाज जरा खाली आणून पुढे म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत ते लई बरं झालं. न्हायतर त्या माणसाच्या रडण्याला भुलून मी आईला दुखवून बसलो असतो. मध्ये तिकडनं निरोप आलता, वारला म्हणून. मी न्हाय गेलो. ज्यांनी माझ्या पहिल्या आईला एक भांडं दिलं न्हाय, त्यांच्या मातीला मी कशाला जाऊ?"

मी कप खाली ठेवला. तयार केलेली वाक्यं तोंडापर्यंत आली होती. तेवढ्यात तिची मुलगी माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि सगळे कौतुकाने हसले. मीही हसलो. चकली खाल्ली. "येतो" म्हणालो. तिने वाकून पाया पडून निरोप दिला आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच हात. जयसिंगपूरच्या स्टँडवर मी कोल्हापूरच्या दोन गाड्या सोडल्या. तिसरी आली तेव्हा चढलो.

तिचा फोन नंबर माझ्याकडे आहे. गेल्या काही वर्षांत कितीदा लावला असेल. रिंग वाजते, ती "हॅलो, काका, बोला की" म्हणते, आणि मी विचारतो, पाऊस आहे का तिकडं, पोरगी कितवीला गेली. ती सगळं सांगते. मग म्हणते, "अजून काय?" आणि मी म्हणतो, काही न्हाय, सहज केलता. त्या 'अजून काय'नंतर मला म्हणायचं होतं ते एवढंच आहे. पोरी, तुझा मामा खरं बोलत होता. घागरीवर तुझ्या आईचं नाव होतं, मीच घातलं होतं. मी आधी बाहेरून घासलं आणि मग तुझ्या हातात घागर देऊन आतून. तुझ्या आईला कुणी रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोललो आणि त्याच्याशीही. त्याची माफी मागायला आता जागा नाही, तुझी मागतो. मला माफ कर.